शनिवारचं वर्तमान

दर शनिवारी शेवटच्या तासाला आमचे हेडमास्तर सेतुमाधवराव ओसरीवरच्या स्टुलावर चढत आणि शाळेच्या बातम्या देत. बंद गळ्याचा काळा कोट, कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ. मद्रासच्या उकाड्यात तो कोट नुसता पाहूनच समोरच्याला घाम फुटायचा. त्यांना स्वतःला कधी फुटलेला मी पाहिला नाही. खाली मांडी घालून बसलेल्या मुलांवरून एकदा नजर फिरवून ते घसा खाकरत, आणि रेडिओवर एखादा पुढारी वारल्याचं सांगतात तितक्या गंभीर आवाजात सुरू करत.

"हें वर्तमान आहे. तिसरीच्या पद्मिनीचा पुढचा दांत मंगळवारीं पडला. आम्हीं पाहिला. चांगला दांत होता. अंगणांतल्या झाडावर कावळीनें घरटें केलें आहे. त्यांत एक पेन्सिल दिसते. ज्याची असेल त्यानें कावळीस विचारावें."

मुलं श्वास रोखून ऐकत. त्या वर्षांत बाहेरच्या जगात मोठमोठ्या उलथापालथी चालल्या होत्या, पण त्यांतलं एक अक्षरही त्या स्टुलावरून ऐकू येत नसे. मी एकदा तसं सुचवलं, तर ते म्हणाले की दिल्लीचं वर्तमान सांगायला दिल्लीत माणसं आहेत; पद्मिनीच्या दाताचं सांगायला आपल्यावाचून कोण आहे?

शाळा ट्रिप्लिकेनमधल्या एका गल्लीत, भाड्याच्या बैठ्या घरात होती. चार वर्ग, एक ओसरी आणि अंगणात पूवरसूचं झाड, ज्याच्या पानांच्या पिपाण्या करून मुलं माझ्या तासाला वाजवत. बहुतेक मुलं तंजावरकडच्या मराठी घरांतली. कैक पिढ्यांपूर्वी पूर्वज तिकडे गेलेले, त्यामुळे घरात पोथीतल्यासारखं जुनं मराठी आणि रस्त्यावर तमिळ. मुलं दोन्ही एकाच वाक्यात वापरत आणि मास्तरांना 'सार' म्हणत.

मी तिथं कसा पोचलो, हे सांगायला हवं. मी मूळचा वाईचा. मला वर्तमानपत्रात शिरायचं होतं. पुण्यातल्या ज्या ज्या संपादकांना मी माझं लेखन दाखवलं, त्यांनी ते वाचून मला शिक्षक होण्याचा सल्ला दिला. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे यजमान मद्रासला रेल्वेच्या कचेरीत होते. त्यांच्या ओळखीनं ही जागा मिळाली, आणि राहायची सोयही त्यांच्याकडेच झाली. मी गाडीत बसलो तेव्हा माझी अशी समजूत होती की दक्षिणेतल्या या मराठी माणसांना शुद्ध मराठी शिकवण्याची कामगिरी इतिहासानं माझ्यावर सोपवली आहे.

ती समजूत पहिल्याच आठवड्यात निकालात निघाली. पहिलीच्या मुलांना मी ठणकावून सांगितलं की उद्या प्रत्येकानं पाटी घेऊन यायचं, ज्याच्याकडे पाटी नसेल त्याला वर्गात घेणार नाही. त्या मुलांच्या तोंडी पाटीला शब्द 'स्लेट'. आणि तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात दोन म्हाताऱ्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि आजी नसलेला एक पोरगा दाराबाहेर रडत उभा होता.

शनिवारी सेतुमाधवराव स्टुलावर चढले.

"महाराष्ट्रांतून नवे मास्तर आले आहेत. ते फार शुद्ध बोलतात. त्यांनीं पहिलीस पाटी आणावयास सांगितलें. दोन आल्या. दोघींस पानसुपारी देऊन परत पाठविलें."

ओसरी हसून लोळली. मी मान ताठ ठेवून झाडाकडे पाहत राहिलो.

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की या बातम्यांना कडक नियम आहेत. मुलं आठवडाभर त्यांच्याकडे धावत येत, आणि ते प्रत्येकाची उलटतपासणी घेत. पहिला प्रश्न ठरलेला, "डोळ्यांनीं पाहिलेंस की कानांनीं?" कानांनी असेल तर ते स्वतः जाऊन पाहून येत. कोणाच्या घरी वासरू झालं असं कळलं की शाळा सुटल्यावर हेडमास्तर कोटासकट गोठ्यात. एखादा पोरगा सांगू लागला की अमक्यानं मला ढकललं, तर ते म्हणत, "तें वर्तमान नव्हे, बा. तें गाऱ्हाणें." कोणी आपल्या मार्कांविषयी बोलू लागला तर "तें वर्तमान नव्हे. ती बढाई." ज्यानं एखाद्या मुलाला मान खाली घालावी लागेल, असं काही स्टुलावरून कधी ऐकू आलं नाही. ज्या मुलाचं कधीच काही घडत नाही अशा मुलाकडे ते पाळत ठेवून असत, आणि एखाद्या शनिवारी जाहीर करत की चौथीच्या वेंकोबानं या आठवड्यात रोज शर्टाची सगळी बटणं लावली.

मास्तरांना मात्र या नियमांचं संरक्षण नव्हतं. म्हणजे मला नव्हतं. शाळेत तिसऱ्या एक बाई होत्या, पण त्यांचं कधी काही होत नसे.

मी माझ्या परीनं सुधारणा करायचा प्रयत्न केला. एकदा सेतुमाधवराव श्राद्धासाठी तंजावरला गेले आणि शनिवारचं काम माझ्याकडे आलं. मी रात्र जागून तयारी केली. स्टुलावर चढून मी पंचवार्षिक योजना सांगितली, धरणं सांगितली, आणि शेवटी आवाज चढवून सांगितलं की रशियानं आकाशात एक नवा चंद्र सोडला आहे आणि तो पृथ्वीभोवती फिरतो आहे. ओसरीवर शांतता पसरली. मला वाटलं, मुलं भारावली. मग पद्मिनीनं हात वर केला आणि विचारलं, "डोळ्यांनीं पाहिलंत, सार?"

मी नाही म्हणालो. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दप्तरं आवरायला घेतली.

त्यानंतर आला वेष्टीचा प्रसंग. उकाड्याला कंटाळून मी पॅंट सोडली आणि शेजाऱ्यांकडून वेष्टी नेसायला शिकलो. वेष्टी म्हणजे कमरेभोवती गुंडाळलेलं पांढरं धोतर. त्याला ना कासोटा ना गाठ, सगळा कारभार विश्वासावर. गुरुवारी मी मुलांची कवाईत घेत होतो. 'हात वर' अशी आज्ञा देऊन मी स्वतः हात वर केले.

शनिवारी ओसरीवर कोणीही गैरहजर नव्हतं.

"गुरुवारीं कवाइतीचे वेळीं नव्या मास्तरांनीं हात वर केले. वेष्टी खालीं आली. आंत चड्डी होती. काळजीचें कारण नाहीं."

त्या दिवशी माझा संयम सुटला. आपण राजीनामा द्यायचा, आणि द्यायच्या आधी चार शब्द सुनवायचे, असं मी ठरवलं. शाळा सुटल्यावर सेतुमाधवराव छत्री उघडून निघाले, मी त्यांच्या मागं निघालो. वाटेत मनातल्या मनात भाषण तयार केलं. त्यात 'अवहेलना' आणि 'उपहास' हे शब्द दोन ठिकाणी होते. पण ते इतके झपझप चालत की भाषण तयार झालं तरी माणूस हाती लागेना. दोन वळणं घेऊन ते एका गल्लीत शिरले आणि एका घरात गेले. मी दारापर्यंत पोचलो आणि थांबलो.

पुढच्या खोलीत खिडकीशी खाट होती. खाटेवर आठेक वर्षांची एक मुलगी उताणी पडलेली. हातपाय काटकुळे, चेहरा मात्र जागा. सेतुमाधवराव तिच्यासमोर दोन्ही पाय जुळवून उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हें वर्तमान आहे." मग सगळं वर्तमान पहिल्यापासून, तितक्याच गंभीरपणे, त्या एका मुलीसाठी पुन्हा सांगितलं. चड्डीपर्यंत आले तेव्हा ती इतकी हसली की पोट धरून कुशीवर वळली. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, तीही हसते आहे.

तेवढ्यात मुलीचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हेच की पाट्टी सार?" तिनं विचारलं.

त्या घरात मी आधीपासून प्रसिद्ध होतो. आईनं मला आत बोलावून कॉफी दिली. भाषण कॉफीबरोबर पोटात गेलं.

परतताना सेतुमाधवरावांनी सांगितलं. मुलीचं नाव सुलोचना, दुसरीतली, मी येण्याआधीच आजारी पडलेली. संधिवाताचा ताप होऊन तो हृदयावर गेला होता. डॉक्टरांनी तिला चालायला, खेळायला, जिना चढायला बंदी केली होती. आपण सांगेपर्यंत पडून राहायचं, एवढंच. किती महिने, ते डॉक्टरही सांगत नव्हते. हसणं किती चालेल, हे सेतुमाधवरावांनी जाऊन विचारलं होतं. असा प्रश्न आजवर कोणी केला नाही, असं म्हणून डॉक्टरांनी हसण्याला परवानगी दिली होती. वडील हार्बरात कामाला, दिवसभर बाहेर. बाकीचे दिवस ही पोरगी ताट तसंच परत पाठवायची, शनिवारी जेवायची.

मग छत्री या हातातून त्या हातात घेत, खानावळीत उद्या भाजी काय म्हणून विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "पुढच्या आठवड्यांत तुमचें काय आहे?"

राजीनाम्याचं पुढं काही झालं नाही. मी दर शनिवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पण अडचण अशी झाली की माझं काही घडेना. वेष्टीला मी पट्टा लावला होता. तमिळ थोडं थोडं जमू लागलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी नीट वागत होतो, तेही अगदी चुकीच्या वेळी. शुक्रवार आला की सेतुमाधवराव माझ्या वर्गात डोकावत. "कांहीं नाहीं?" मी मान हलवायचो. "सेरी," म्हणजे बरं, असं म्हणून ते खांदे पाडून जात.

शेवटी एका शुक्रवारी मी मुलांसमोर ओसरीच्या पायरीवरून पडलो. चांगला दणदणीत पडलो, कोपर सोलून निघालं. मुलं हसली. शनिवारी त्याचा उल्लेखही नाही. मी विचारायला गेलो तर सेतुमाधवराव म्हणाले, "मुद्दाम पडलांत."

मी नाही म्हणालो.

"पडण्याआधीं चष्मा काढून खिशांत ठेवलांत. आम्हीं पाहिलें." मग म्हणाले की नाटक वेगळं आणि वर्तमान वेगळं. पडून असलेलं पोर आहे, सगळे तिच्याशी गोड खोटं बोलतात. तिला तेवढं एक तरी खरं मिळालं पाहिजे.

देवाच्या दयेनं पुढच्याच आठवड्यात माझी कथा साभार परत आली. ती मी एका मासिकाकडे मोठ्या आशेनं पाठवली होती. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभा राहून, संपादकाला हिच्यातलं नेमकं काय कळलं नसेल याचा विचार करत मी ती वाचत होतो. बाजूनं एक गाय आली आणि तिनं पानं माझ्या हातातून ओढून चघळायला सुरुवात केली. मी ओढली, तिनंही ओढली. शेवटची दोन पानं माझ्या हाती राहिली.

"बुधवारीं नव्या मास्तरांची कथा गाईनें खाल्ली," सेतुमाधवरावांनी जाहीर केलं. "गाईस कांहीं झालें नाहीं."

सुलूला त्या दिवशी हसून हसून खोकला आला. शेवटची पानं का सोडली, असं तिनं विचारलं. शेवट आवडला नसेल, असं मी म्हणालो, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मला स्वतःलाही तो आवडेनासा झाला.

त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर आई दारातच उभी होती. ताप उलटला होता. डॉक्टर सकाळी येऊन गेले, फारसं बोलले नाहीत. पोर सकाळपासून कोणाकडे पाहत नाही, आज नको, असं ती हळूच म्हणाली. सेतुमाधवरावांनी वहाणा काढल्या आणि आत गेले. सुलू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा श्वास दारातून ऐकू येत होता. ते नेहमीच्या जागी पाय जुळवून उभे राहिले आणि वर्तमान सांगू लागले; पण आवाज असा, की मला तो ओळखू आला नाही. कावळीची पिल्लं उडाली. पद्मिनीचा नवा दात दिसू लागला. वेंकोबाचं एक बटण तुटलं. ती वळली नाही. सगळं सांगून झालं तरी ते तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला. "ती गाय पुन्हां आली?"

गाय आली नव्हती. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"आली की," सेतुमाधवराव म्हणाले. "मास्तरांनीं दुसरी गोष्ट लिहिली काय, हें पाहून गेली."

सुलू हसली नाही. पण तिनं मान वळवली, आणि आईच्या हातून दोन घोट कांजी घेतली.

परतताना ते शाळेच्या फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "आजचें तें वर्तमान नव्हतें." त्यानं काही होत नाही, असं मी म्हणालो. ते माझ्याकडे असं पाहत राहिले, जसं काही ती गोष्ट माझ्या अखत्यारीतली नव्हे.

सोमवारी मी शाळेत आलो तर हेडमास्तर फाटकाबाहेर केळीची सालं हातात धरून उभे. काळा कोट, भर ऊन. प्रार्थना झाली, पहिला तास झाला, ते जागचे हलले नाहीत. शेवटी गाय आली. तेव्हा त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि नवी काही गोष्ट लिहिली असेल तर घेऊन या म्हणाले. माझ्या पिशवीत एक अर्धवट होती. ती मी गाईपुढं धरली. गाईनं वास घेतला, पानांकडे पाहिलं, आणि केळीची सालं खाऊन निघून गेली. माझ्या लेखनावर इतका स्पष्ट अभिप्राय आजवर कोणी दिलेला नाही. सेतुमाधवरावांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

ताप उतरला. हळूहळू सुलूला उशीला टेकून बसायची परवानगी मिळाली, मग खोलीत चार पावलं टाकायची, मग दारापर्यंत. दर शनिवारी तिचा चेहरा थोडा भरलेला दिसे. पोंगल झाल्यानंतर एका सोमवारी ती आईचा हात धरून चालत शाळेत आली. त्या शनिवारी स्टुलावरून पहिलंच वर्तमान होतं, "दुसरीची सुलोचना चालत शाळेस आली. आम्हीं पाहिलें." मुलांनी टाळ्या पिटल्या. सुलू अगदी पुढं बसली होती. पुढच्या प्रत्येक बातमीला ती मध्येच काहीतरी विचारत होती, आणि एवढी आगाऊ पोर शाळेत दुसरी नसेल, असं आमच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी थोडा उशिरा निघालो. पुढं सेतुमाधवराव चालले होते, नेहमीसारखे झपझप. दोन वळणं घेतली आणि सुलूच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. गल्लीत मुली जमिनीवर घरं आखून लंगडी घालत खेळत होत्या. सुलू बाजूला पायरीवर बसून कोण चुकलं ते ओरडून सांगत होती. तिचं इकडे लक्ष नव्हतं. आई दारात कोणाशी तरी बोलत होती. सेतुमाधवराव छत्री धरून कोपऱ्यावर उभे राहिले. एक डाव संपला, दुसरा सुरू झाला. मग ते वळले आणि समोर मी.

सगळ्यांचं चांगलं झालं होतं. पण या माणसाची शनिवारची संध्याकाळ गेली होती, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते मेसमध्ये जेवत आणि एका खोलीत राहत, एवढं मला माहीत होतं. घरच्यांविषयी मी एकदा विचारलं होतं, तेव्हा "तें जुनें वर्तमान," एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला होता. दुसऱ्यांची भाषा शुद्ध करायला निघालेल्या मला त्या कोपऱ्यावर एक धड वाक्य सुचेना. शेवटी मी म्हणालो की ताईनं तुम्हाला घरी बोलावलं आहे. ताईनं कोणालाही बोलावलं नव्हतं.

"काय म्हणून?"

तिला शाळेचं वर्तमान ऐकायचं आहे, मी सांगतो ते तिला कळत नाही, असं मी म्हणालो.

"तुम्ही नीट सांगत नाहीं, हें खरें," ते म्हणाले आणि माझ्याबरोबर चालू लागले.

घरी पोचल्यावर मी पुढं होऊन ताईला डोळ्यांनी खुणावलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि या, या म्हणाली. सेतुमाधवराव बैठकीच्या मधोमध पाय जुळवून उभे राहिले. ताई म्हणाली, बसून सांगा की.

"बसून कधीं सांगितलें नाहीं," ते म्हणाले.

"मग आज सांगा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. ताईचे यजमान पेपर बाजूला ठेवून पुढं सरकले. पद्मिनीचं झालं, वेंकोबाचं झालं, सुलू चालत आल्याचं झालं. ताई मधे मधे "मग?" म्हणत होती. शेवटी ते थोडं थांबले. मला वाटलं संपलं.

"हेडमास्तर आज संवयीनें एका गल्लीच्या तोंडाशीं गेले," ते म्हणाले. "तेथें कांहीं काम नव्हतें. परत आले."

ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पदर खोचत उठली. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या, पानं वाढते."

जेवताना ताईनं दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हा त्यांनी ताटावरून नजर वर न करता विचारलं, "पुढच्या शनिवारीं तुम्ही घरींच असतां की?"

"आम्ही कुठं जाणार?" ताई म्हणाली, आणि त्यांच्या भातावर तूप घातलं.